युरोपातील छोट्या उड्डाणाचा बिझनेस क्लास: तिकिटापासून बॅग हाती येईपर्यंत

मुंबईहून दिल्लीला जाताना एअर इंडियाच्या बिझनेस क्लासमध्ये बसलेला माणूस पहिल्यांदा फ्रँकफर्ट ते प्राग अशा छोट्या उड्डाणाच्या बिझनेस क्लासमध्ये पाऊल टाकतो, तेव्हा आपण चुकून भलत्याच रांगेत आलो की काय, असे त्याला वाटते. मुंबई-दिल्ली मार्गावर त्याने दोन-दोनच्या जोडीतल्या रुंद खुर्च्या पाहिलेल्या असतात. इथे मात्र तीन-तीन खुर्च्यांच्या त्याच नेहमीच्या रांगा असतात, फक्त मधली खुर्ची रिकामी असते आणि चार-पाच रांगांमागे एक पडदा लोंबत असतो. माझे वडील पुण्याहून पहिल्यांदा माझ्याकडे प्रागला आले, तेव्हा त्यांनी तो पडदा दोन बोटांनी बाजूला सारून पलीकडे पाहिले, पुन्हा आपल्या खुर्चीकडे पाहिले आणि नंतर घरी आल्यावर मला एवढेच विचारले, "मग जास्तीचे पैसे कशाचे घेतले?"

प्रश्न रास्त होता. युरोपातल्या दीड-दोन तासांच्या उड्डाणात बिझनेस क्लासचे पैसे वसूल होतात ते बहुतांशी जमिनीवर: सुरक्षा तपासणीच्या रांगेत, लाउंजमध्ये, बॅगांच्या वजनात आणि तिकीट बदलण्याच्या मुभेत. हवेतल्या सुखाचा वाटा त्यात लहान असतो. हे एकदा ध्यानात घेतले की तिकीट कधी काढावे, कधी काढू नये आणि काढलेच तर त्यातून काय काय पदरात पाडून घ्यावे, हे ठरवणे सोपे जाते. पुढे ते क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी: विमान कोणते आहे ते पाहावे

लुफ्तान्सा, स्विस, ऑस्ट्रियन, एअर फ्रान्स, केएलएम, ब्रिटिश एअरवेज, इबेरिया या कंपन्या युरोपांतर्गत मार्गांवर मुख्यतः एअरबस ए३२० कुळातली किंवा बोइंग ७३७ जातीची विमाने वापरतात. त्यांत पुढच्या आणि मागच्या खुर्च्यांची रुंदी सारखीच असते. एअरबसमध्ये ती साधारण १८ इंच आणि बोइंगमध्ये साधारण १७ इंच भरते. दोन रांगांमधले अंतर अनेक विमानांत ३० इंचांच्या आसपासच राहते. फरक एवढाच की बिझनेसमध्ये मधली खुर्ची विकली जात नाही. ब्रिटिश एअरवेजच्या क्लब युरोप नावाच्या बिझनेस वर्गात त्या मधल्या खुर्चीवर पेला ठेवण्यापुरते छोटे टेबल असते, तर इतर अनेक ठिकाणी ती नुसतीच मोकळी असते आणि तिथे आपले जाकीट, पुस्तक किंवा चष्म्याचे घर विसावते. फार पूर्वी काही विमानांत मधली खुर्ची यंत्राने चेपून बाजूच्या दोन खुर्च्या थोड्या रुंद करण्याची सोय असे, परंतु ती यंत्रणा जड आणि दुरुस्तीला कटकटीची असल्याने मागे पडली.

कंपन्या असे का करतात, याचे उत्तर पडद्यात आहे. सोमवारी सकाळी फ्रँकफर्टहून ब्रुसेल्सला जाणाऱ्या विमानात कंपन्यांच्या खर्चाने प्रवास करणारे बरेच असतात. तेच विमान शनिवारी पाल्मा द मायोर्काला सुट्टीवरच्या कुटुंबांना घेऊन जाते, तेव्हा बिझनेसच्या दोन रांगा भरल्या तरी पुष्कळ. खुर्च्या कायमच्या रुंद बसवल्या, तर शनिवारी त्या रिकाम्या धावतील. पडदा मात्र छताखालच्या पट्टीवरून पुढे-मागे सरकतो आणि त्या दिवशी जेवढी तिकिटे विकली गेली, तेवढाच बिझनेस क्लास तयार होतो. विमानात चढताना कधी लक्ष दिले, तर कर्मचारी पडद्याची चौकट हाताने उचलून एक रांग मागे सरकवताना दिसतात. अक्षरशः अर्ध्या मिनिटात तीन माणसांची इकॉनॉमीची जागा दोघांची बिझनेसची होते.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते शोधण्यासारखे आहेत. टर्किश एअरलाइन्स इस्तंबूलहून युरोपातल्या शहरांना जाणाऱ्या लहान विमानांतही दोन-दोनच्या जोडीतल्या खऱ्याखुऱ्या रुंद खुर्च्या देते. फिनएअर हेलसिंकी-लंडन मार्गावर आणि इबेरिया माद्रिद-लंडन मार्गावर अधूनमधून लांब पल्ल्याची मोठी विमाने लावतात. अशा वेळी दोन-तीन तासांच्या प्रवासाला पूर्ण आडवी होणारी खुर्ची त्याच वर्गाच्या तिकिटात मिळून जाते. केएलएमच्या उपकंपनीची एम्ब्रेअर विमाने दोन-दोन रांगांची असून त्यांत शेजारची खुर्ची रिकामी ठेवली जाते. म्हणजे खिडकी आणि मार्गिका दोन्ही आपल्याच होतात आणि एकट्याने जाणाऱ्याला ही मांडणी मला सगळ्यांत चांगली वाटते. हे सारे ओळखण्याची रीत सोपी आहे. तिकीट घेण्यापूर्वी उड्डाणाच्या तपशिलात विमानाचा प्रकार पाहावा आणि खुर्च्यांचा नकाशा उघडावा. पुढच्या रांगांत तीन-तीन चौकोन दिसले आणि मधला बंद असला, तर पडद्याचा बिझनेस. दोन-दोन किंवा एक-दोन-एक मांडणी दिसली, तर नशीब चांगले. विमान ऐन वेळी बदलू शकते, हे मात्र गृहीत धरावे.

दुसरी पायरी: हिशेब कागदावर मांडावा

बिझनेसच्या भाड्याची तुलना सगळ्यांत स्वस्त इकॉनॉमीशी करणे ही पहिली चूक होय. स्वस्त भाड्यात बहुधा मोठी बॅग नसते, खुर्ची निवडता येत नाही आणि तिकीट रद्द केल्यास पैसे बुडतात. म्हणून आपल्याला खरोखर लागणाऱ्या गोष्टींची किंमत त्यात मिळवून मग शेजारी बिझनेसचा आकडा लिहावा. समजा, स्वस्त इकॉनॉमी १२० युरोला आहे. त्यात दोन बॅगांचे १०० युरो, पुढच्या खुर्चीचे २०, लाउंजचे ४० आणि बदलाची मुभा असलेल्या भाड्यासाठीचे ५० युरो मिळवले, तर बेरीज ३३० होते. बिझनेस ३५० ला मिळत असेल, तर विचार करायला हरकत नाही. परंतु ज्याच्याकडे पाठीवरची एकच पिशवी आहे, जो उड्डाणाच्या तासभर आधी पोहोचतो आणि ज्याचा बेत बदलणार नाही, त्याच्या दृष्टीने बेरीज १२० वरच थांबते आणि वरचे २३० युरो एका रिकाम्या खुर्चीसाठी जातात.

सामानाचे आकडे नीट पाहण्यासारखे आहेत, कारण आपल्या माणसांचा खरा फायदा इथेच असतो. लुफ्तान्साच्या बिझनेसमध्ये प्रत्येकी ३२ किलोच्या दोन बॅगा आणि हातात ८ किलोचे दोन नग नेता येतात, तर इकॉनॉमीत हातातला नग एकच. एअर फ्रान्स आणि केएलएममध्ये हातातल्या सामानाची एकूण मर्यादा इकॉनॉमीला १२ किलो, तर बिझनेसला १८ किलो आहे. परतीच्या प्रवासाला निघालेल्या आई-वडिलांच्या बॅगांत नातवंडांसाठी काय काय भरले जाते, हे ज्याने काट्यावर ठेवून पाहिले आहे, त्याला हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

करांचा एक मासला इथेच नोंदवतो. ब्रिटनमधून निघताना लागणारा हवाई प्रवासी कर १ एप्रिल २०२६ पासून जवळच्या देशांसाठी इकॉनॉमीला १५ पौंड आहे, तर त्यावरच्या वर्गाला ३२ पौंड. फ्रान्सने १ मार्च २०२५ पासून युरोपातल्या उड्डाणांवर इकॉनॉमीला ७.४० युरो आणि बिझनेसला ३० युरो असा कर लावला आहे. खुर्ची तीच, रुंदी तीच, पण सरकारच्या लेखी ती चैन ठरते. त्या देशात केवळ विमान बदलणाऱ्या प्रवाशाला हे कर सहसा लागत नाहीत. मात्र लंडन किंवा पॅरिसहून प्रवास सुरू करणाऱ्याने केवळ मूळ भाडे न पाहता करासह एकूण रक्कम पाहावी.

अंतराचाही विचार करावा. माझा स्वतःचा ठोकताळा असा की उड्डाण दीड तासाच्या आतले असेल आणि मोठे सामान नसेल, तर बिझनेस घेऊ नये. अडीच तासांच्या पुढचे असेल, म्हणजे फ्रँकफर्ट-लिस्बन, लंडन-अथेन्स किंवा हेलसिंकी-मालागा यांसारखे, तर भाड्यातला फरक पाहून जरूर विचार करावा, कारण तिथे रिकामी खुर्ची आणि ताटातले जेवण यांना काही अर्थ उरतो. आणि ॲम्स्टरडॅम-ब्रुसेल्ससारख्या अंतराला तर विमानच कशाला? आगगाडीत बसावे.

वारंवार प्रवास करणाऱ्यांनी गुणांचे गणितही तपासावे. एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लू योजनेत २००० मैलांच्या आतल्या युरोपीय उड्डाणाला इकॉनॉमीत ५ आणि बिझनेसमध्ये १५ अनुभवगुण मिळतात, आणि रौप्य दर्जाला, म्हणजे नेहमीच्या प्रवाशाला सवलती देणाऱ्या सदस्यत्वाला, १०० गुण लागतात. म्हणजे बिझनेसच्या सात टप्प्यांत तो दर्जा हाती येतो. ब्रिटिश एअरवेजने मात्र एप्रिल २०२५ पासून दर्जासाठीचे गुण खर्चाशी जोडले आहेत, त्यामुळे स्वस्तातला बिझनेस पकडून दर्जा मिळवण्याची जुनी युक्ती तिथे फारशी चालत नाही.

तिसरी पायरी: तिकीट काढताना

मुंबईहून युरोपात येणाऱ्या बहुतेकांचा या छोट्या बिझनेसशी संबंध जोड-उड्डाणामुळे येतो. मुंबई-फ्रँकफर्ट-प्राग, मुंबई-झुरिक-व्हिएन्ना, मुंबई-पॅरिस-लिस्बन असे तिकीट बिझनेसमध्ये घेतले की शेवटचा तुकडाही त्याच वर्गात येतो, आणि त्या तुकड्यासाठी वेगळे भाडे दिल्यासारखे वाटतही नाही. इथे दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. पहिली म्हणजे सगळे टप्पे एकाच तिकिटावर असावेत. पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले, तर एकाच तिकिटावर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची असते. दोन वेगळी तिकिटे असली, तर दुसरी कंपनी आपल्याला 'आलाच नाहीत' म्हणून मोकळी होते, आणि बॅगांचे वजनही दोन वेगळ्या नियमांनी मोजले जाते.

दुसरी खबरदारी म्हणजे शोध-संकेतस्थळावर 'बिझनेस' असे दिसले तरी प्रत्येक टप्प्याचा वर्ग उघडून पाहावा. लांबचा टप्पा बिझनेस आणि छोटा टप्पा इकॉनॉमी अशी मिश्र तिकिटे सर्रास विकली जातात. ती स्वस्त असतील, तर घ्यायलाही हरकत नाही, फक्त ते माहीत असावे. उलट प्रकारही घडतो: छोटा टप्पा बिझनेस आणि रात्रभराचा लांबचा टप्पा इकॉनॉमी. असे तिकीट काढणे म्हणजे लग्नात अक्षता टाकून न जेवता परत येणे होय.

भाड्याच्या अटी वाचण्याचा कंटाळा करू नये. बिझनेस म्हटले की तिकीट हवे तेव्हा बदलता येते, असा समज आहे, पण सगळ्यांत स्वस्त बिझनेस भाडे अनेकदा परत न मिळणारे असते, आणि काही कंपन्यांनी तर बॅग व लाउंज वगळलेले 'लाइट' बिझनेस भाडेही आणले आहे. अशा तिकिटात मधली रिकामी खुर्ची आणि जेवण तेवढे उरते, म्हणजे ज्या भागासाठी मी कधीच पैसे मोजणार नाही, नेमका तोच.

इकॉनॉमीचे तिकीट घेऊन नंतर वर्ग वाढवण्याचे मार्ग तीन आहेत: गुण खर्चून, कंपनीने पाठवलेल्या ईमेलवरून बोली लावून किंवा चेक-इनच्या वेळी दाखवलेल्या ठरावीक किमतीला. युरोपातल्या छोट्या उड्डाणांवर तिसरा मार्ग बऱ्याचदा स्वस्त पडतो. मात्र रक्कम भरण्यापूर्वी त्यात बॅग आणि लाउंज येते का, हे तिथल्या तिथे विचारावे.

चौथी पायरी: खुर्ची आणि जेवण आधीच नक्की करावे

खुर्चीच्या निवडीत पहिल्या रांगेचा मोह पडतो, कारण पुढे कोणी टेकून बसत नाही. परंतु तिथे समोर भिंत असल्याने उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी हातातली पिशवी वर ठेवावी लागते, आणि वरचा कप्पा पुष्कळदा आपत्कालीन साहित्याने किंवा कर्मचाऱ्यांच्या सामानाने अर्धा भरलेला असतो. गुडघ्यांना भिंत, डोक्यावर जागा नाही, अशी अवस्था होते. मी दुसरी किंवा तिसरी रांग घेतो. पडद्याला लागून असलेली शेवटची रांग टाळावी, कारण ऐन वेळी पडदा हलला तर धक्का त्याच रांगेला बसतो, आणि मागच्या रांगेतल्या लहान मुलाचे पाय पडद्याला जुमानत नाहीत. दोघे एकत्र जात असतील तर मध्ये रिकामी खुर्ची येते. आई-बाबांना हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर दोघांपैकी एक जण 'तिथे कोणी येणार आहे' म्हणून संपूर्ण प्रवास अवघडून बसतो.

जेवणाबाबत शाकाहारी मंडळींनी विशेष दक्ष राहावे. नोंदणी करताना 'हिंदू जेवण' हा पर्याय दिसला की अनेक जण तो निवडतात. प्रत्यक्षात त्यात गोमांस आणि डुकराचे मांस नसते, पण कोंबडी, मासे किंवा बकऱ्याचे मांस असू शकते. शाकाहारी माणसाने 'आशियाई शाकाहारी' किंवा 'जैन' असा पर्याय निवडावा. तो बहुधा उड्डाणाच्या किमान २४ तास आधी कळवावा लागतो, आणि जोड-उड्डाण असेल तर प्रत्येक टप्प्यासाठी नोंदला गेला आहे का, ते वेगळे तपासावे लागते. फार छोट्या उड्डाणांवर विशेष जेवणाची सोय नसतेही. अशा वेळी समोर थंड मांसाचे काप, चीजचा तुकडा आणि कसलेसे गोड असे ताट येते, आणि शाकाहारी माणूस पाव-लोणी खाऊन उतरतो. लाउंजमध्ये पोटभर खाऊन घ्यावे, हा माझा सल्ला त्यामुळेच आहे. उपवास असेल तर अर्थातच सोबत दाण्याचा लाडू असू द्यावा.

पाचवी पायरी: विमानतळावर

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे, कारण पैसे दिले आहेत ते इथल्या वेळेसाठी.

युरोपातून प्रवास सुरू होत असेल तर बिझनेसचा वेगळा चेक-इन काउंटर शोधावा आणि सुरक्षा तपासणीची जलद मार्गिका वापरावी. तिचे चिन्ह बोर्डिंग पासवर छापलेले असते. ते नसेल तर काउंटरवर सांगून छापून घ्यावे, कारण दारातले यंत्र माणसाचे म्हणणे ऐकत नाही. पारपत्र तपासणीला मात्र जलद मार्गिका असेलच असे नाही.

मुंबईहून येऊन विमान बदलणाऱ्याची वाट थोडी वेगळी असते. शेंगेन देशातल्या, म्हणजे एकमेकांत पारपत्र तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या, विमानतळावर उतरून दुसऱ्या शेंगेन शहराकडे जायचे असेल, तर प्रवेशाची पारपत्र तपासणी पहिल्याच विमानतळावर होते. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाने बाहेरून येणाऱ्यांच्या बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेणारी नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी सुरू केली आहे, त्यामुळे पहिल्यांदा येणाऱ्याला इथे जास्त वेळ लागू शकतो. म्हणून क्रम असा ठेवावा: विमानातून उतरताच आधी सुरक्षा तपासणी आणि पारपत्र तपासणी उरकावी, पुढच्या विमानाच्या बाजूला पोहोचावे आणि मग त्या बाजूचे लाउंज गाठावे. अनेक जण उतरल्या उतरल्या दिसलेल्या पहिल्या लाउंजमध्ये शिरतात, अंघोळ करतात, कॉफी घेतात आणि विमानाला चाळीस मिनिटे उरली असताना पारपत्राच्या रांगेच्या शेपटाशी जाऊन उभे राहतात.

प्रत्येक विमानतळाची खुबी निराळी. ॲम्स्टरडॅमच्या स्किफोलला केएलएमचे २५ क्रमांकाचे लाउंज शेंगेन बाजूला आहे, तर ५२ क्रमांकाचे शेंगेनबाहेरच्या बाजूला. म्हणजे प्रागला जाणाऱ्याने २५ आणि लंडनला जाणाऱ्याने ५२ शोधावे. पॅरिसच्या शार्ल द गॉलला मुंबईचे विमान टू-ई भागात लागते आणि शेंगेन शहरांची विमाने टू-एफमधून सुटतात. तिथे कमी वेळाचे जोड-उड्डाण घेऊ नये. व्हिएन्नाला पंचवीस मिनिटांतही विमान बदलता येते असे कंपनी मानते, फ्रँकफर्टला पंचेचाळीस मिनिटे धरतात. पण हे आकडे तरुण, एकट्या आणि वाट माहीत असलेल्या माणसाचे आहेत. सत्तरीच्या आई-वडिलांसाठी मी दोन तासांपेक्षा कमी अंतर ठेवत नाही, आणि उरलेला वेळ लाउंजमध्ये गेला तर तेच तर विकत घेतलेले असते.

झुरिकला उतरलात तर एक गंमत ऐकून घ्यावी. मधल्या इमारतीतून मुख्य इमारतीकडे नेणारी जमिनीखालची गाडी बोगद्यातून जात असताना डब्यात गाईंच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज घुमतो. रात्रभराच्या प्रवासानंतर अर्धवट झोपेतली माणसे दचकून खिडकीबाहेर पाहतात. माझी आई तर म्हणाली, "इथे खाली गोठा आहे की काय?"

लाउंजच्या दर्जाबाबत एक गैरसमज दूर करावा. फ्रँकफर्ट आणि म्युनिकला लुफ्तान्साची बिझनेस आणि सिनेटर अशी दोन नावांची लाउंज शेजारी-शेजारी असतात. सिनेटर हे सतत प्रवास करून मिळवलेल्या दर्जासाठी असते, केवळ बिझनेसच्या तिकिटावर तिथे प्रवेश मिळत नाही. दारातून परत फिरण्यापेक्षा आधीच योग्य दार पाहावे. मुंबईहून रात्री निघून सकाळी पोहोचणाऱ्यांनी आत शिरताच काउंटरवर न्हाणीघरासाठी नाव नोंदवावे, कारण सकाळी तिथे रांग असते. खाणे नंतरही होते.

सामानातले लोणचे, चटणी, तूप आणि आमरस हे सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थ धरले जातात. मुंबईत तपासणी झालेली असली तरी युरोपात विमान बदलताना ती पुन्हा होते, आणि १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बरणी तिथेच काढून घेतली जाऊ शकते. बरणी चेक-इनच्या बॅगेत घालावी. तूप, पेढे, खवा यांना मात्र बॅगेतही जागा नको, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानातून आणायला बंदी आहे.

विमानात आधी चढण्याचा मान घ्यावा की नाही, हे दारावर अवलंबून आहे. विमान थेट पुलाला लागलेले असेल तर आधी चढावे, कारण खरा फायदा वरच्या कप्प्यातल्या जागेचा असतो. पण प्रवाशांना बसने दूर उभ्या विमानाकडे नेणार असतील, तर आधी बसमध्ये चढलेला माणूस पंधरा मिनिटे दांडा धरून उभा राहतो आणि विमानाशी सगळ्यांबरोबरच पोहोचतो. अशा वेळी मी शेवटी जातो आणि बसच्या दाराशी उभा राहतो.

सहावी पायरी: विमानात

फ्रँकफर्ट ते प्राग हे अंतर सुमारे ४१० किलोमीटर. वेळापत्रकात तास दिसतो, हवेत मात्र पाऊण तासच जातो. विमान वर चढून पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत दहा मिनिटे जातात आणि उतरण्याची तयारी त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांतच सुरू होते. त्या मधल्या वेळेत कर्मचारी चिनी मातीच्या बशीतले जेवण, काचेच्या पेल्यातले पेय, पाव आणि कॉफी देऊन पुन्हा गोळा करतात. ही कसरत पाहण्यासारखी असते, आणि सावकाश जेवणाऱ्याला अन्यायाची वाटते. पेय सांगतानाच कॉफीही सांगून टाकावी, दुसरी फेरी होईलच असे नाही. पुढचे स्वच्छतागृह बिझनेसच्या प्रवाशांसाठी राखलेले असते आणि आठ-दहा माणसांत ते सहज पुरते. लुफ्तान्सात पडद्यामागे पाण्याची बाटली आणि चॉकलेट मिळते आणि बाकीचे विकत घ्यावे लागते, तर एअर फ्रान्स आणि केएलएममध्ये इकॉनॉमीतही काहीतरी खायला-प्यायला मिळते. त्यामुळे जेवणातला फरक कंपनीनुसार कमी-जास्त होतो.

सातवी पायरी: पडदा आपल्या पुढे सरकला तर

एकदा माझ्या बाबतीत असेच घडले. चौथ्या रांगेचे तिकीट होते, विमान ऐन वेळी बदलले, पुढच्या रांगा कमी झाल्या आणि मला पडद्यामागे बसवण्यात आले. कर्मचाऱ्यांनी हात जोडले, जेवणाचे ताट मागे आणून दिले आणि विषय संपल्यासारखा दाखवला. तो संपलेला नसतो. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार प्रवाशाला खालच्या वर्गात बसवले, तर त्या उड्डाणाच्या भाड्यापैकी १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, संघांतर्गत त्याहून लांब अंतराला ५० टक्के आणि संघाबाहेरच्या ३५०० किलोमीटरपेक्षा लांब प्रवासाला ७५ टक्के रक्कम सात दिवसांत परत द्यावी लागते. ब्रिटनने संघ सोडल्यावरही असाच नियम आपल्या कायद्यात ठेवला आहे. दाव्यासाठी मूळ बोर्डिंग पास, नवा बोर्डिंग पास आणि तिकिटाची पावती जपून ठेवावी, आणि कर्मचाऱ्याकडून वर्ग बदलल्याची लेखी नोंद मागावी. मी ती मागितली नव्हती, म्हणून माझ्या दाव्याला चार महिने आणि पाच पत्रे लागली.

यातली एक मेख सांगितलीच पाहिजे. युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्ये असा निर्णय दिला की परतावा संपूर्ण तिकिटावर मोजायचा नसून ज्या टप्प्यावर वर्ग उतरला त्या टप्प्याच्या भाड्यावर मोजायचा, आणि ते भाडे वेगळे दिलेले नसेल तर अंतराच्या प्रमाणात काढायचे. मुंबई-फ्रँकफर्ट-प्राग या एकेरी तिकिटात प्रागच्या टप्प्याचा वाटा अंतराने जेमतेम ६ टक्के भरतो. त्याचे ३० टक्के म्हणजे संपूर्ण भाड्याच्या २ टक्क्यांहूनही कमी. हाती फारसे काही येत नाही, पण निदान किती येणार हे आधी कळते.

उशिराचे गणित याच्या उलट, प्रवाशाच्या बाजूने आहे. एकाच तिकिटावर मुंबईहून युरोपीय कंपनीच्या विमानांनी प्रागला निघालेला माणूस कंपनीच्या चुकीने जोड-उड्डाण चुकून तीन तासांहून अधिक उशिरा पोहोचला, तर भरपाई छोट्या टप्प्याच्या २५० युरोने नव्हे, तर संपूर्ण अंतरानुसार ६०० युरोपर्यंत मोजली जाते. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाचा संप अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे यातून वगळलेली आहेत, परंतु जेवण आणि गरज पडल्यास रात्रीच्या निवासाची सोय तेव्हाही करावीच लागते. या नियमांत बदल करण्याची चर्चा युरोपीय संघात चालू आहे, म्हणून दावा करण्यापूर्वी ताजे नियम पाहावेत.

शेवटची पायरी: बॅग

बॅगेवर लावलेला अग्रक्रमाचा पट्टा पाहून ती सगळ्यांत आधी येईल, अशी अपेक्षा ठेवावी, पण तिच्यावर पुढची गाडी आखू नये. छोट्या विमानतळांवर सगळ्या बॅगा एकाच गाड्यावरून येतात आणि पट्ट्यावर कोणती आधी टाकली जाते, हे टाकणाऱ्याच्या हातावर असते. कमी वेळाच्या जोड-उड्डाणात बॅग मागे राहिली, तर सभागृह सोडण्यापूर्वी काउंटरवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. बॅग मोडकी आली तर सात दिवसांच्या आत, आणि उशिरा आली तर ती हाती पडल्यापासून एकवीस दिवसांच्या आत लेखी दावा करावा लागतो. बाबांची बॅग त्या पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशी घरपोच आली, आणि तिच्या कानाला अग्रक्रमाचा तो पट्टा तसाच लटकत होता.